चार किलोंचा दगड, सात किलोंचा चमत्कार

मंगळवारी बाजाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुंगी शिरायलाही जागा नव्हती. आमची मुंगी मात्र शिरली, माझ्या कडेवर बसून. मुंगी म्हणजे माझी लेक, वय दीड वर्ष. तिच्या एका मुठीत घराच्या लोखंडी चाव्यांचा जुडगा होता आणि दुसऱ्या मुठीत माझे केस.

शेडच्या मधोमध एक टेबल. टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारं निळं मखमली कापड, त्यावर दोन पारड्यांचा तराजू, आणि तराजूमागे दिशामहाराज. आकाशातून येणाऱ्या दगडांची दिशा बदलतात म्हणून दिशामहाराज. आठ दिवसांपूर्वी गावात उतरले तेव्हा स्वतःच्या खोलीची दिशा त्यांनी रिक्षावाल्याला तीनदा विचारली होती, पण ते सोडा.

"मायभगिनींनो!" महाराजांनी मागच्या फळ्यावर चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या कात्रणावर छडी आपटली. "परवा, गुरुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी! साडेतीनशे मीटरचा लघुग्रह! मोठमोठ्या दुर्बिणींच्या काचांना घाम फुटलाय. शास्त्रज्ञ डोकं धरून बसलेत. मग पृथ्वीला वाचवणार कोण?"

"महाराज!" शेड दुमदुमली. मुंगीही "माहा" म्हणाली. लहान मुलं काहीही म्हणतात, मोठ्यांचं मला नवल वाटलं.

टेबलावर एक काळा, ओबडधोबड, नारळाएवढा गोळा होता. त्याला कोणी हात लावायचा नाही, लावला तर बोटं भाजतात, असं महाराजांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. स्वतः ते लोकरीचे हातमोजे घालून उचलत.

"हा त्या लघुग्रहाचा धाकटा भाऊ. लाखो वर्षांपूर्वी ताटातूट झाली. पण रक्ताचं नातं तुटतं का? याचं वजन घटलं की तिकडे त्याचंही घटतं. हलका झाला की माझ्या एका फुंकरीनं वळतो. अहो, गुरुत्वाकर्षण म्हणजे काय? गुरूचं आकर्षण!"

दगडांच्या अंगात रक्त असतं हे मला ठाऊक नव्हतं. पण मी विज्ञान बारावीपर्यंतच शिकले आहे.

"आणि तराजू कोणाचा?" महाराजांनी विचारलं.

"अप्पांचा!"

अप्पा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं तराजू दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानातल्या काट्यावर गावातला सोनारसुद्धा शंका घेत नाही. महाराजांनी तोच तराजू मागून आणला होता. कोपऱ्यात उभे असलेले अप्पा मान खाली घालून चष्मा पुसत होते.

महाराजांनी दगड एका पारड्यात ठेवला. दुसऱ्या पारड्यात एकेक किलोची वजनं चढत गेली. चार, पाच, सहा. सातव्या वजनाला काटा सरळ झाला. मग महाराजांनी डोळे मिटले, ओठ पुटपुटले, हात आकाशाकडे उंचावले आणि दगडाचं पारडं हळूच वर उचललं गेलं. बायकांनी तोंडावर पदर घेतले. महाराजांनी एक वजन काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं. चार किलोंवर काटा पुन्हा सरळ.

"तीन किलो!" महाराज ओरडले. "तीन किलो पाप जळालं!"

सासूबाईंनी मला कोपरानं ढकललं. "पाया पड. मुंगीलाही वाकव."

मी आधीच वाकले होते, महाराज वजनं चढवत होते तेव्हाच. गर्दीत मागच्या धक्क्यानं माणूस आपोआप भाविक होतो. मुंगीच्या हातातला जुडगा टेबलाच्या कडेवर लोंबत होता, दगडाच्या पारड्याच्या बाजूला. आणि तो सरळ लोंबत नव्हता. चाव्या तिरक्या झाल्या होत्या, मखमलीकडे तोंड करून, जणू कोणी अदृश्य माणूस हळूच ओढतोय. मुंगीला गंमत वाटली, ती हसली. मग महाराजांचे हात वर गेले, पारडं उचललं गेलं, आणि त्याच क्षणाला चाव्या गपकन सरळ झाल्या.

दगड हलका झाला आणि चाव्या सुटल्या. दोन्ही एकदम.

मी हे मनात घोळवत होते तेवढ्यात महाराजांनी खरा घाव घातला.

"एकच धोका उरलाय. गुरुवारी जो जीव जन्माला येईल, तो त्या दगडाला ओढून घेईल. नवा जीव म्हणजे नवी ओढ! शनिवारपर्यंत या गावात बाळंतपण होता कामा नये!"

सगळी शेड वळली आणि माझ्या सासूबाईंकडे बघू लागली.

*

कारण बाळी आमच्या घरी होती. बाळी म्हणजे माझी धाकटी नणंद, पहिलटकरीण, दिवस भरत आलेली. त्याच सकाळी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. रक्तदाब दीडशेवर शंभर. पाय असे सुजलेले की बोट दाबलं तर खळगा पडून राहायचा.

"गुरुवारी सकाळी आठला दाखल व्हायचं, आपण कळा आणू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "आणि त्याआधी डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे चमकलं, तर गुरुवारची वाट बघायची नाही. असाल तशा या. हा आजार आईला आणि बाळाला, दोघांनाही नेतो."

साडेतीनशे मीटरचा दगड, कोट्यवधी वर्षं अंतराळात फिरणारा, आणि त्याला माझ्या नणंदेची तारीख पाठ! पण हसायला घरात कोणी तयार नव्हतं.

"शनिवारी जाऊ," सासूबाई म्हणाल्या. "दोन दिवसांनी काय होतंय?"

"आई, डॉक्टर म्हणाल्या..."

"डॉक्टर!" त्या एकदम बसल्या. आवाज खाली आला. "माझं पहिलं त्याच इस्पितळात गेलं. तेव्हाही त्यांनाच घाई झाली होती. तू या घरात आली नव्हतीस तेव्हा."

मला हे माहीत नव्हतं. बाळीलाही नसावं. ती पाटावर पाय ठेवून बसली होती, तिनं आईचा हात धरला. अशा माणसाशी वाद कसा घालायचा? मी मुंगीला भरवू लागले. तिच्या वाटीखाली रद्दीचा कागद अंथरला होता, आणि त्या कागदावर तीच बातमी होती, जी महाराजांच्या फळ्यावर होती. फक्त आमच्या कागदाला शेवटचा परिच्छेद होता. महाराजांच्या कात्रीनं तो नेमका खाल्ला होता.

'हा लघुग्रह चंद्राच्या वीसपट अंतरावरून, म्हणजे सुमारे सत्त्याहत्तर लाख किलोमीटर दुरून जाणार असून पृथ्वीला कोणताही धोका नाही.'

जी गाडी आपल्या रस्त्यानं येणारच नाही, ती महाराज हात दाखवून थांबवणार होते. मी तो परिच्छेद मोठ्यानं वाचला. सासूबाई म्हणाल्या, "छापणारे काय, काहीही छापतात." फळ्यावर छापलेलं खरं आणि वाटीखाली छापलेलं खोटं!

दुपारी मी दुकानात गेले. अप्पा एका तराजूच्या दांडीची कड कानशीनं घासत होते.

"अप्पा, त्या टेबलाखाली चुंबक आहे."

कानस थांबली. "तुला काय दिसलं?"

मी चाव्यांचं सांगितलं. त्यांनी कानशीवरचा कीस फुंकून काढला. मग पुन्हा घासू लागले, घासून झालेल्याच जागी.

"मुलीला उन्हात नेत जाऊ नकोस," एवढंच म्हणाले.

चाळीस वर्षं तराजूच्या पोटात हात घालणारा माणूस. मला दोन मिनिटांत दिसलं ते यांना दिसलं नसेल? मला त्यांचा राग आला. आणि त्याहून वाईट म्हणजे, काहीतरी ओळखीचं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, मुंगी काहीतरी फोडून पाठीमागे लपवते तेव्हा असतं तसं.

*

बुधवारी सकाळी मी मुंगीची अंघोळ उरकते तोवर सासूबाई बाळीला घेऊन शेडकडे निघालेल्याही होत्या. महाराज तिच्या मनगटाला एक काळा दोरा बांधणार होते. त्या दोऱ्यानं म्हणे कळा शनिवारपर्यंत अडून राहतात. मी मुंगीला ओल्या केसांनीच उचललं आणि धावले.

बाळी पुढच्या रांगेत खुर्चीवर होती. चेहरा फुगलेला, ओठ पांढरे, मनगटाला काळा दोरा बांधून झालेला. मला बघून तिनं हात पुढे केला.

"वहिनी, डोकं फुटतंय. आणि डोळ्यांपुढे ना, काजवे चमकतायत. तुलाही दिसतायत का?"

शेडच्या तोंडाशी रिक्षावाला उभा होता. मी त्याच्याकडे धावले. "चल, इस्पितळात. आत्ता!"

"नाही जमायचं, वहिनी." त्याला खरंच वाईट वाटत होतं. "बाजार मला रिक्षासकट जाळेल. शनिवारी म्हणाल तर फुकट नेतो."

"शनिवारी मला रिक्षा नको असेल. शनिवारी चौघे लागतील!"

तो खाली बघू लागला. त्यानंच तर महाराजांना खोली दाखवली होती.

मी परत आत शिरले. महाराजांनी दगड पारड्यात ठेवून दुसरीकडे सातही वजनं चढवली होती. मी थेट टेबलापाशी गेले.

"महाराज, एक विनंती. हाच दगड, हाच तराजू, हीच वजनं. फक्त तराजू उचलून त्या कोपऱ्यातल्या धान्याच्या पोत्यावर ठेवू. मग करा हलका."

महाराज हसले, लहान मुलाकडे बघून हसतात तसे. "बाई, ही जागा मी एकवीस दिवस सिद्ध केली आहे."

"येऊन आठच दिवस झालेत तुम्हाला."

"तेरा दिवस दुरून केली."

"बरं. मग जागा हीच, दगडाऐवजी पितळेचं वजन ठेवते. ते हलकं करा."

"पितळ पृथ्वीचं! ते का हलकं होईल?" आणि आवाज चढला. "बघा, बघा! ही अश्रद्धा! हिच्या घरात गुरुवारी बाळ जन्माला घालायचंय. म्हणून गावावर दगड पाडायला निघाली आहे!"

"ए बाई, बाहेर हो!" किराणावाला ओरडला. "लेकरू घेऊन आलीस, लाज नाही?" भाजीवाली म्हणाली. सासूबाई माझा दंड धरून मागे ओढत होत्या. "चल, चल, माझी शपथ आहे." मागे बाळी खुर्चीवर कलायला लागली होती.

मी ओरडले, "अप्पा! तुम्हाला माहीत आहे! बोला ना!"

अप्पा कोपऱ्यातून निघाले. चालायला त्यांना फार वेळ लागला असं मला वाटलं, प्रत्यक्षात वीस पावलं असतील. ते टेबलापाशी आले, बाळीकडे बघितलं, चष्मा काढून खिशात ठेवला.

"टेबलाखाली चुंबक आहे," ते म्हणाले. "विजेचा. बटण पायाशी असेल. बटण दाबलं की दगड खाली ओढला जातो, सोडलं की सुटतो. दगड हलका होत नाही. आधी जड केलेला असतो."

"अप्पा," किराणावाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुम्हाला हे कसं कळणार? तुम्ही काय टेबलाखाली गेला होता?"

"कसं कळणार?" अप्पांनी त्याच्याकडे वळून बघितलं. "पत्र्याचा ओटा आणि मालाच्या पारड्याखाली चुंबक. ओटा पारड्याला खाली ओढतो. किलोमागे पन्नास ग्रॅम. तुला कसं कळतं, तसंच मला कळतं. तुझा मीच बसवलाय."

कुठेतरी एक पिशवी पडली, बटाटे घरंगळल्याचा आवाज आला. कोणी उचलायला वाकलं नाही.

"भाजीच्या दोन तराजूंना मी बसवलेत," अप्पा बोलत राहिले. "खिळेवाल्याला मी बसवलाय. असे वीस तरी असतील. तपासणीच्या आदल्या दिवशी काढून देतो, तपासनीस गेला की परत लावतो. मी नाही म्हटलं तर दुसऱ्याकडून लावतील, असं म्हणत पंधरा वर्षं लावले. पहिल्याच दिवशी ओळखला मी हा चमत्कार. तुम्हीही ओळखलात. पण ओळखला म्हणावं, तर लोक विचारणार, कसा ओळखला?"

मला तेव्हा उमगलं. त्या शेडमध्ये बाजारातले चाळीस दुकानदार होते. त्यातल्या निदान वीस जणांना हा चमत्कार घरचाच होता. आठ दिवस ते एकमेकांकडे न बघता हात जोडून उभे होते. इतकी कडवी श्रद्धा मी कधी पाहिली नव्हती.

महाराज टेबलासमोर आडवे आले. "हात लावाल तर भस्म व्हाल!"

"होईन," म्हणत अप्पांनी कापड ओढलं.

टेबलाच्या फळीला खालून एक जाड लोखंडी दांडा ठोकलेला, त्याला तांब्याच्या तारेचे वेढे, बाजूला स्कूटरची बॅटरी, आणि खाली शिलाई मशीनला असतं तसलं पायाचं बटण. अप्पांनी त्यावर चप्पल ठेवली. दगडाचं पारडं खाली गेलं. उचलली, वर आलं. पुन्हा ठेवली, पुन्हा खाली. मग त्यांनी तो भाजणारा दगड उघड्या हातानं उचलून भंगारवाल्याकडे दिला.

भंगारवाल्यानं तो उलटापालटा केला, सवयीनं हातात तोलला. "ओतकामाच्या भट्टीतला थिजलेला लोखंडाचा गोळा. चार किलो."

"रक्ताचं नातं म्हणे," मागून कोणीतरी म्हणालं, आणि पहिलं हसू फुटलं.

महाराजांकडे शेवटचा पत्ता उरला होता, तो त्यांनी टाकला. "हसा! माझी पकड सुटली! आता दगड सरळ तुमच्या डोक्यावर येतोय!"

हसू विरलं. काही जण खरोखर वर बघायला लागले, शेडच्या पत्र्याकडे. भीतीला पुरावा लागत नाही हे मला त्या क्षणी दिसलं.

मी कालपासून कमरेला खोचून ठेवलेला बातमीचा कागद काढला, पेजेच्या डागासकट. "हा शेवटचा परिच्छेद महाराजांनी कापलाय. चंद्राच्या वीसपट लांबून जाणार आहे तो. महाराज यायच्या आधीही तेवढ्याच लांबून जाणार होता, आणि महाराज पळून गेल्यावरही तेवढ्याच लांबून जाईल. आणि माझी नणंद इथून फक्त दोन किलोमीटरवरचं इस्पितळ गाठू शकत नाहीये!"

पहिल्या हलल्या त्या सासूबाई. त्यांनी बाळीच्या मनगटाचा दोरा तोडला, दातांनी. मग रिक्षावाल्याकडे बघून अशा आवाजात ओरडल्या की मुंगी दचकली. "आणतोस की मी ढकलत नेऊ?"

त्यानं आणली. किराणावाल्यानं बाळीची खुर्ची एका बाजूनं उचलली. दुसऱ्या बाजूनं अप्पांनी.

*

इस्पितळात रक्तदाब एकशे ऐंशी निघाला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, रागवायला त्यांना वेळ नव्हता. तासाभरात बाळीच्या पोटावर शस्त्रक्रिया करून मुलगी काढली. सव्वादोन किलो. परिचारिकेनं तिला काट्यावर ठेवलं तेव्हा अप्पांनी न राहवून काट्याखाली हात घालून पाहिला. काही नव्हतं. मग ते भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. बाळीला शुद्ध आली, पण दोन दिवस तिच्या जिवाची धाकधूक होती. "अजून दोन तास उशीर केला असता तर मी तुम्हाला काय सांगितलं असतं, मला माहीत नाही," असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या.

गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी मी खिडकीपाशी बाळीच्या लेकीला मांडीवर घेऊन बसले होते. आकाशात एक घार होती. बाकी काही झालं नाही.

महाराज बुधवारी दुपारीच गेले. कोणत्या दिशेला, ते सांगून गेले नाहीत. शुक्रवारी अप्पांच्या दुकानापुढे रांग लागली होती, सगळे पिशव्यांत तराजू घेऊन आलेले, चुंबक काढून घ्यायला. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. अप्पांनी स्वतः तपासनिसाला चिठ्ठी लिहिली आहे. त्यांचा परवाना बहुधा जाईल. ते म्हणतात, जाऊ दे.

आता माझं म्हणणं, सरळ.

आकाशातून दगड येऊ शकतात, ही थाप नाही. पूर्वी आलेत, पुढेही एखादा येईल. म्हणून तर जगभर माणसं दुर्बिणींना डोळे लावून बसली आहेत, एकेका दगडाची वाट मोजतायत, वर्षानुवर्षं आधी. आणि एखादा खरोखर आपल्याकडे निघालाच, तर काय करायचं तेही माणसांनी करून बघितलं आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या दगडावर यान नेऊन आदळलं. त्याची प्रदक्षिणा अर्ध्या तासानं कमी झाली. त्यासाठी कोणी फुंकर मारली नाही, कोणाची बाळंतपणं अडवली नाहीत. गणित केलं, यान बांधलं, आणि काय झालं ते सगळ्यांना उघडून दाखवलं. ज्याला शंका असेल त्यानं मोजून बघावं, असं म्हटलं. तराजू पोत्यावर ठेवू देत नाही तो चमत्कार, आणि कुठेही ठेवा म्हणतो ते विज्ञान. पाया पडण्याआधी एवढं तरी विचारा.

आणि त्या शास्त्रज्ञांचं एक म्हणणं मला फार पटलं. ते म्हणतात, दगड वळवायला मोठी ताकद लागत नाही. लवकर दिलात तर अगदी छोटा धक्का पुरतो, पुढच्या लांब वाटेवर तोच वाढत जातो. उशीर केलात तर मात्र डोंगराएवढा जोर लावूनही उपयोग नाही.

अप्पांनी पहिल्या दिवशी एक वाक्य बोलायला हवं होतं. मी मंगळवारी दुकानातून गप्प परत यायला नको होतं. बाजारातल्या त्या वीस जणांपैकी एकानं जरी वेळेवर तोंड उघडलं असतं, तरी बाळीला काजवे दिसायच्या आत ती खाटेवर असती. आम्हाला माहीत होतं. आम्ही बोललो नाही. तुम्हाला माहीत असेल, तर आजच बोला.